भिंतीवरचे चित्र

१९११ सालच्या सुमाराची गोष्ट. सिनेमाच्या वेडाने झपाटलेले एक गृहस्थ मुंबईत आपल्या घरी रात्री मेणबत्ती लावीत, तिचा उजेड भिंगातून पाडून फिल्मच्या पट्टीवरील चित्रे भिंतीवर उमटवीत आणि ती पाहत बसत. हे गृहस्थ म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी टिपले ते वाटाण्याचे रोप! अनेक दिवसांची त्याची वाढ पडद्यावर क्षणात झालेली पाहून भांडवल देणाऱ्यांचा हात सैल झाला. म्हणजे घरी बसून चित्र पाहण्याची हौस १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’हून जुनी म्हणावयाची.

पुढे फाळक्यांनी आपला कारखाना नाशकात आणला. १९१७ साली त्यांचे ‘लंकादहन’ निघाले. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. (वेष बदलताना काय धांदल उडाली असेल!) पण ते पाहायला माणसाला उंबरठा ओलांडावा लागे. चित्र होऊन घरी येत नसे.

ते यायला फार वर्षे लागली. दिल्लीत दूरचित्रवाणी १९५९ साली अवतरली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण नाशिककरांना त्याचे काय! या लहरी बहुतांशी सरळ रेषेत धावतात आणि आमच्या नि मुंबईच्या मध्ये सह्याद्री आडवा. १९८४ साली देशात ठिकठिकाणी लहान प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहू लागली, तेव्हा कुठे गावोगावी कौलांवर अँटेना उगवल्या. एकाने वर चढून दांडा फिरवायचा, ‘दिसतंय का?’ म्हणून ओरडायचे आणि खालून उत्तर यायचे, ‘आलं, आलं... गेलं!’

जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले. ‘लंकादहन’नंतर बरोबर ७० वर्षांनी. सीताहरण ज्या पंचवटीत झाले असे आपण मानतो, तेथून हाकेच्या अंतरावर आमच्या आत्याचे घर. दर रविवारी सकाळी तिच्या दारात चपलांचा ढीग पडे. संच एक, वाहिनी एक. तेव्हा काय पाहावे हा वादच नव्हता. तो १९९२ नंतर केबल आणि खासगी वाहिन्यांबरोबर घरात शिरला, आणि रिमोट हाती असेल तो घरचा कर्ता ठरला.

वाद मिटला तो मोबाइलमुळे. पण कसा मिटला पाहा. २०१६ साली नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी इंटरनेट स्वस्त झाले. पूर्वी एकच लहर साऱ्या गावाला एकच चित्र दाखवी. आता ज्याने मागितले त्याच्याकडे त्याचे चित्र तुकड्यातुकड्यांनी, ज्याच्या त्याच्या वेळेला येते. चार खोल्यांत चार माणसे चार गोष्टी पाहू लागली. ही सोय नाकारण्याइतका मी जुन्या वळणाचा नाही. पण आत्यापुढचा मोठा संच मात्र एकटा पडला, आणि तीही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या पुतण्याने आपल्या फोनचे चित्र बिनतारी तिच्या संचावर आणले. त्याने मला फरक समजावून सांगितला: एका रीतीत फोन नुसता पत्ता कळवतो आणि चित्र संच स्वतःच इंटरनेटवरून आणतो, दुसरीत फोनवर दिसेल ते सगळे आरशासारखे संचावर उमटते. त्याने दुसरी रीत धरली होती.

फाळक्यांचे १९१९ सालचे ‘कालिया मर्दन’ लागले. कृष्ण झाली होती खुद्द त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. ‘आवाज कुठं गेला?’ आत्याने विचारले. ‘आजी, मूकपट आहे.’ ‘बरं, मग मी सांगते,’ म्हणून तिने कथा सुरू केली. तिचा आवाज ऐकून सूनबाई कढईखालचा गॅस बारीक करून आल्या, नातवंडे आली.

इतक्यात कृष्णाच्या डोक्यावर एक निरोप झळकला: ‘पगार झाला का रे? माझे पाचशे दे.’ घर हसून लोटपोट झाले. पुतण्या ओशाळून फोन बंद करू लागला, तशी आत्या कडाडली, ‘हात लावू नकोस! पोर अजून डोहात आहे.’