जीन घर, जीन तख्त

सुरत प्रांतात चौथाई वसूल करीत पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडच्या किल्ल्यावरून आपल्या दौलतीचा पाया घातला. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी भरलेल्या दिल्ली दरबाराच्या प्रसंगी, रॉबर्ट टेलर नामक मुलकी अधिकाऱ्याने युरोपीय रीतीने रेखाटलेली राजचिन्हे निशाणांवर भरून संस्थानिकांस बहाल झाली, तेव्हा बडोद्याचे अवघ्या १३ वर्षांचे सयाजीराव गायकवाड महाराज तेथे उपस्थित होते. ढालीवर कुलचिन्ह कोरण्याची ती पद्धती परकीय खरी. परंतु ‘जीन घर, जीन तख्त’ हे बडोद्याचे ब्रीद, घोड्याच्या पाठीवरच संसार आणि सिंहासन मांडणाऱ्या मराठी स्वाराचे आहे, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. ‘समशेर बहादूर’ हा किताब तर या घराण्यास सातारच्या छत्रपतींनी त्या दरबाराच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीच दिलेला होता.