किरकिऱ्या मुलाची दृष्ट

दिवसभर किरकिर करणाऱ्या तान्ह्याची तिन्हीसांजेला दृष्ट काढण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. तिच्यामागचा विचार त्याहून प्राचीन. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. अकारण रडणे, दूध न पिणे ही त्यांची लक्षणे. काश्यपसंहितेची नजर अधिक डोळस: बोलता न येणाऱ्या मुलाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून ओळखावे, हात सारखा कानाकडे गेला तर कान दुखतो असे समजावे, असे ती सांगते.

घरातल्या आईने दोन्ही वाटा धरल्या. आधी पोट चाचपायचे, गुटी उगाळायची, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या. काहीच लागू पडले नाही की मूठभर मीठ-मोहरी नि मिरच्या मुलावरून उतरवून चुलीत टाकायच्या. ठसका उठला नाही तर दृष्ट जबर होती, असे मानत. यातली मिरची तशी नवखीच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली. मूल निजे ते बहुधा रडून दमल्यामुळे. श्रेय मात्र मिरच्यांना मिळे. चुली गेल्यावर हे काम गॅसवरच्या तव्याकडे आले.