गिरडचे दगडी नारळ

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडला, टेकडीवर, ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथं येतात. टेकडीवर गोल दगड सापडतात. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरात त्यांची दंतकथा आहे: दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, बाबांनी त्यांच्या नारळांसकट सगळ्या मालाचे दगड केले. त्यांनी माफी मागितली, तेव्हा वाळक्या पानांचा नवा माल करून दिला.

शाळेत सजीवांची लक्षणं शिकलो, तेव्हा मी अम्मीला ऐकवलं, हे नारळ कधी जिवंत नव्हतेच. अम्मी दोन दिवस बोलली नाही. माझं खरं होतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाण्यातली खनिजं साचत गेली. वाढ दगडाचीही झाली, पण बाहेरून थर चढून. नारळ पेशी विभागून आतून वाढतो.

वाळक्या पानांकडे मात्र मी पाहिलंच नाही. बुरशी, जिवाणू, वाळवी पानं कुजवतात, त्यांतलं नत्र-स्फुरद मातीत जातं, मुळं ते उचलतात, पुन्हा फळ धरतं. म्हणजे पानांचा माल होतोच, फक्त वेळ लागतो. एवढं अम्मीला सांगायचं राहिलं.