काजळीच्या पृष्ठऊर्जेचे खरे कुळ

कार्बनी पदार्थांची पृष्ठऊर्जा मोजण्याच्या विद्येचे मूळपुरुषपद थॉमस यंग यास देण्याचा प्रघात आहे. घन पृष्ठावरील थेंबाच्या स्पर्शकोनाचा संबंध त्याने १८०५ साली पृष्ठताणाशी जोडला, हे निर्विवाद. परंतु माझ्या मते ही सनद ग्राफाइटच्या सपाट पृष्ठापुरतीच चालते, कारण काजळीवर किंवा कोळशाच्या भुकटीवर थेंब ठेवू जावे, तर कोन मोजण्याइतका सपाट आधारच त्यास लाभत नाही. भुकटीचे कुळ शोधावयाचे, तर वॉर्सा येथील मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दारी जावे लागते, ज्याने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या पुडीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क झिरपवून त्यातील रंग थराथरांनी विलग करून दाखविले.

१९५२ मध्ये जेम्स व मार्टिन या संशोधकांनी अशाच नळीतून द्रवाऐवजी वायू वाहविला. पुढे प्रश्नच उलटा झाला: बाष्प ओळखीचे घ्यावे, आणि ते नळीत किती रेंगाळते त्यावरून भुकटीचीच जबानी घ्यावी. या उलटापालटीवर बहुवारिकवाले हक्क सांगतात, आणि टोरांटोच्या गिलेट यांचे १९६९ चे काम त्यांच्या बाजूने आहेही. तथापि मॉस्कोत किसेल्योव्ह यांच्या मंडळींनी ग्राफाइटीकृत काजळी नळीत भरून तिच्या अधिशोषणाचा कसून तपास चालविला होता, तेव्हा या घराण्याचे मूळ काजळीतच असावे, असा माझा तर्क आहे. गंमत अशी की, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन अशी एकेका मेथिलीन गटाने वाढणारी बाष्पे सोडून दर गटामागे वाढणाऱ्या रेंगाळण्यावरून पृष्ठऊर्जेचा अपस्करणाचा अंश काढण्याची डॉरिस व ग्रे यांची १९८० ची रीत, जी आज कार्बनतंतूंसही लावतात, ती मुळात सेल्युलोजवर बेतलेली होती!

थेंबवाल्यांच्या दप्तरातही सर्व आलबेल नाही. पाण्याचा ग्राफाइटवरील कोन १९४० मध्ये फोक्स व हार्किन्स यांनी सुमारे ८६ अंश दिला, आणि ग्राफाइट जलविरोधी ठरले. २०१३ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांना ताज्या सोललेल्या पृष्ठावर तो सुमारे ६४ अंशच आढळला, व हवेतील हायड्रोकार्बनांचा लेप बसताच तो चढत गेला. नळीत भुकटी तापवून निष्क्रिय वायूने धुता येते, हा माझ्या पक्षाचा मोठा आधार. मात्र अत्यल्प बाष्प प्रथम सर्वांत प्रबळ जागांनाच चिकटते, म्हणून नळीचा आकडा सरासरीहून चढा येतो, हेही मान्य केले पाहिजे. ग्राफाइटचा स्पर्शकोन कोठे छापलेला दिसला, तर पृष्ठ सोलल्यापासून थेंब ठेवीपर्यंत किती वेळ गेला होता, हे वाचकांनी आधी पाहावे.