प्रजनन आरोग्य शिक्षण (वाशिम जिल्हा)

किशोरवयीन व तरुण मुलामुलींना मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधन आणि वंध्यत्व यांची शास्त्रीय माहिती देण्याचे काम. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत काढलेल्या संततिनियमन केंद्राने झाली. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी एकात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. विरोध पुढेही ओसरला नाही. २००७ मध्ये विधिमंडळातील गदारोळानंतर राज्याने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. विज्ञानातला प्रजननाचा धडा मात्र राहिला. दहावीच्या पुस्तकात ऋतुचक्राबरोबर टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी आणि वीर्यपेढीही येते. रिसोड, मानोरा किंवा कारंजा, राज्य मंडळाच्या कुठल्याही शाळेत हेच पुस्तक. अडचण आहे ती ‘हा धडा घरी वाचा’ म्हणून पुढचे पान उलटण्याच्या जुन्या सवयीची.

धड्यातली माहिती संसारात लागते. अंडमोचन साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी होते. बीजांड जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. नियमित संबंध असून, कोणतेही गर्भनिरोधक न वापरता वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते. म्हणून वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत व्हायला हवी. ती साधी आहे, स्वस्तही. तरी गावात आधी सुनेलाच दवाखान्यात नेतात, आणि त्याआधी देवाला. मुलगा की मुलगी हे पित्याच्या गुणसूत्रावर ठरते, हेही दहावीतच शिकवलेले असते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्यातील समुपदेशन केंद्रे राज्यात ‘मैत्री क्लिनिक’ नावाने ओळखली जातात. कार्यक्रमाची वयोमर्यादा १० ते १९ वर्षे. मुलाचे लग्नाचे कायदेशीर वय २१. म्हणजे नवरदेव होण्याच्या आधीच तो या कार्यक्रमातून बाहेर पडतो. लग्नानंतर आशाताई घरी येतात, पण बोलणे होते ते सुनेशी.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ‘तारुण्यभान’ शिबिरांत तरुण मुलामुलींशी हे विषय उघडपणे बोलून दाखवले आहेत. वाशिमच्या महाविद्यालयांनी तो नमुना घ्यावा, आणि शिबिरात मुलगे हटकून बसवावेत.