नागिणीचं अर्धं तोंड

आमचे थोरले चुलते, नाना, ‘नागिणीनं गेले’ असं औंढ्यात अजून सांगतात. नाना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक चालवायचे. १९९९ साली उजव्या गालावर आणि तोंडात टाळ्यावर फोड आले. आजीनं गेरू लावला, नागीण उतरवणाऱ्याकडे नेलं. नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस वाचत नाही, ही भीती. मी तेव्हा वर्षाचा होतो.

आजीला एक गोष्ट स्पष्ट आठवते: टाळ्याची उजवी बाजू सोललेली, डावी जशीच्या तशी, मधोमध रेघ मारल्यासारखी. तिला ती करणी वाटली. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो. प्रतिकारशक्ती ढासळली की त्याच मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर पडतो, आणि त्याची हद्द मध्यरेषेवर संपते. कमरेचं वेटोळं पूर्ण होत नाही तेही यामुळेच. (आमच्या धंद्यात सांगायचं तर प्रोसेस बंद झालेला नसतो, झोपलेला असतो.)

तरुण माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची शंका घ्यावी, हे डॉक्टरांना १९८०च्या दशकातच कळलं होतं. जिभेच्या कडेचे, खरवडून न निघणारे पांढरे पट्टे सॅन फ्रान्सिस्कोत ग्रीनस्पॅन दांपत्यानं १९८४मध्ये नोंदवले. त्यामागे हर्पिसच्याच कुळातला एपस्टाइन-बार विषाणू निघाला. नानांची जीभही कडेला पांढरी झाली होती. आजी मिठानं घासायची. जायचं नाही.

भारतात एचआयव्ही १९८६ साली मद्रासला सापडला. भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२पासून होती, औंढ्याहून फार तर दोन तासांवर. नागिणीवर असायक्लोव्हिरही होतं. पण मूळ रोगावरची तीन औषधं १९९६पासून परदेशात मिळत, वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. २००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लानं ती साडेतीनशे डॉलरला देऊ केली. नाना त्याच पावसाळ्यात गेले. सरकारनं मोफत उपचार सुरू केले १ एप्रिल २००४ रोजी.

काकींची तपासणी २००५ साली झाली. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर गोळी, पाण्याचा तांब्या शेजारी. हे लिहू का, म्हणून त्यांना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“नागीनच होती की,” म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “पण खरं काय तेबी लिही.”