जमिनीखालचं कोणाचं?

शहापूर-मुरबाडकडे गॅसच्या पाइपलाइनचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो: जमीन आमची, मग जमिनीखालचं कोणाचं? अमेरिकेत या प्रश्नावर वकील आणि दलालांची पोटं चालतात. तिथे शेत एकाचं आणि शेताखालचा गॅस दुसऱ्याचा असू शकतो. आजोबांनी शेत विकताना खनिजाचा हक्क राखून ठेवला असेल, तर नातवंडं तो कंपनीला पट्ट्याने देतात आणि रॉयल्टी घेतात. आपल्याकडे असा वारसाहक्क कधी नव्हताच, असं बहुतेक जण धरून चालतात. माझं म्हणणं, होता. त्याचा माग इनामाच्या सनदांतल्या एका ठरीव ओळीत लागतो.

मराठेशाहीत इनाम देताना कारकून जवळजवळ डोळे मिटून लिहीत: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. ही यादी नीट पाहा. पाणी, झाड, गवत, लाकूड हे सगळं वरचं. मग दगड, पुरलेलं धन आणि ठेव, म्हणजे थेट मातीच्या खाली. इनामदाराला सारामाफीबरोबर जमिनीचं पोटही मिळत होतं.

ही ओळ पेशव्यांच्या दफ्तरात जन्मली नाही. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. त्यात गाव ‘सनिधि’ आणि ‘सोपनिधि’ दिलं आहे. निधी-निक्षेपाचे हे पणजोबाच म्हणायचे. त्याच ताम्रपटात ‘लवण’ आणि ‘खनक’ हे शब्द असलेली एक सवलत आहे आणि तिच्यावरून वाद आहे. इंग्रज पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने अर्थ लावला तो मीठ विकत घेण्या-खणण्याचा. दुसरं वाचन म्हणतं, मीठ वेगळं आणि खाणी वेगळ्या. विदर्भात मीठ कुठलं, असं म्हणून फ्लीटला उडवून लावता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे आणि तिथल्या खाऱ्या विहिरींतून पूर्वी मीठ काढत. तरी माझा कौल दुसऱ्या वाचनाला आहे. राजा पुरलेल्या धनापर्यंत सगळं मोजून देत असताना खाणीच तेवढ्या विसरेल, हे पटत नाही.

यावर खरा अडचणीचा आक्षेप उत्तरेतून येतो. कनौज-काशीच्या गाहडवाल राजांचे ताम्रपट गावाबरोबर लोखंडाच्या आणि मिठाच्या खाणी नाव घेऊन देतात. म्हणजे खाण द्यायची तेव्हा ती स्पष्ट लिहीत. निधी-निक्षेप म्हणजे फक्त मोहरांचे हंडे. युक्तिवाद तगडा आहे. पण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जुना निधी आणि भूमीतले धातू एकाच श्लोकात येतात. दोन्हींत राजाचा निम्मा वाटा, कारण तो रक्षण करतो आणि भूमीचा अधिपती आहे. शास्त्रकारांच्या हिशेबी हंडा आणि धातू एकाच खात्यातले. शिवाय शहापूर-मुरबाड घ्या किंवा घाटावरचा देश घ्या, खाली काळा कातळ. जिथे लोखंड तिथे लोखंड लिहिलं, जिथे कातळ तिथे पाषाण लिहिला, असा माझा तर्क. आज याच भागात खडीचे क्रशर धडधडतात. तेव्हा पाषाण हे फुटकळ दान नव्हतं.

पुढचा प्रवास झटपट सांगता येतो. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ६९ अन्वये खनिजांचा हक्क सरकारने राखला, पण इनाम सोडून इतर जमिनींत. १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामं गेली; तरी त्यातही इनामदारांचे चालत आलेले खनिजहक्क शाबूत ठेवले होते. सनदेतली ओळ स्वतंत्र भारतातही जिवंत होती! तिच्यावर शेवटची रेघ १९८५ मध्ये ओढली गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ बदललं आणि कुठेही सापडणारं खनिज राज्य शासनाचं झालं. केरळात गोष्ट वेगळी वळली: २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मलबारच्या जन्मी, म्हणजे पूर्ण मालकीच्या, जमिनींबाबत, कायद्याने काढून घेतलं नसेल तर जमिनीखालचं खनिज मालकाचंच, असा निकाल दिला. आपल्याकडे कायद्याने ते काढून घेतलेलं आहे. गॅससाठी तर १९४८ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे.

त्यामुळे पणजोबांची सनद कितीही खरी असली, तरी ती दाखवून गॅसची रॉयल्टी मिळणार नाही, आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पाइपलाइनचं मात्र तसं नाही. १९६२ च्या कायद्याखाली जमीन तुमचीच राहते आणि फक्त वापरहक्क जातो. त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड करता येत नाही. मोबदला अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के, पीक-झाडांची नुकसानभरपाई वेगळी. हरकत घ्यायला अधिसूचनेपासून २१ दिवस. म्हणून सातबारा हातात आला, की क्षेत्र आणि आकार पाहून घडी घालू नका. असा वापरहक्क नोंदला जातो तो ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, आणि मोबदला योग्य नावावर यावा म्हणून वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या.